निरुपद्रवी पेटीच्या मागावर

हैदराबादहून सोलापूरला लोक चादरी घ्यायला जातात, नाहीतर सिद्धेश्वराच्या यात्रेला. मी आकाशातून पडलेली एक पेटी आणायला गेलो होतो. परत आल्यापासून जो तो विचारतो, "काय झालं हो तिकडे?" मी सांगतो, "पेटी मिळाली." ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. म्हणून एकदाच नीट लिहून काढतो.

आमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची संस्था शहराबाहेरच्या माळावरून प्लॅस्टिकचे अवाढव्य फुगे सोडते. फुग्याखाली पेटी, पेटीत यंत्रं. फुगा विमानांच्याही पुष्कळ वर जातो. तिथे अवकाशातून येणारे किरण पेटीतल्या काचेच्या थाळ्यांवर बारीक खुणा उमटवतात. मग ठरल्या वेळी दोर तुटतो आणि पेटी पॅराशूटला लोंबकळत खाली येते. कुठे येते, ते वारा ठरवतो. एवढं थोर शास्त्र, परदेशातून पाहुणे येऊन वाखाणतात, आणि शेवटी सगळा कारभार वाऱ्याच्या हाती! मी काही शास्त्रज्ञ नव्हे, मेकॅनिक आहे. पेटी बांधायची, पाठवायची आणि पडली की शोधून आणायची, एवढंच माझं काम.

आणखी एक काम होतं. बार्शीच्या शाळेत ड्रॉइंगच्या मास्तरांनी माझं अक्षर घोटून घेतलं होतं, म्हणून पेटीवरच्या मराठी पाट्या माझ्याकडे आल्या. साहेबांनी इंग्रजी मजकूर दिला आणि म्हणाले, "तुमच्या भाषेत करा." एक ओळ अशी होती की ही पेटी कुणाला अपाय करणारी नाही. तसंच लिहावं असं आधी वाटलं, पण पाटीवर ते फार पोरकट दिसलं असतं. मी लिहिलं : "ही पेटी शास्त्रीय संशोधनाची असून निरुपद्रवी आहे. उघडू नये. पोलिसांस कळवावे." निरुपद्रवी! काय शब्द सुचला होता! रंगवून झाल्यावर चार पावलं मागे जाऊन मी तो दोनदा बघितला होता. तेलुगू आणि हिंदी पाट्याही झाल्या. कन्नड येणारा माणूस ऑफिसात नव्हता, म्हणून कन्नड पाटी मागाहून करायचं ठरलं आणि मागेच राहिली.

सोलापूर

पेटी सोडून आठवडा उलटला तरी तिचा पत्ता नव्हता. मग सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीतून कागद आला. आपली वस्तू आमच्या हद्दीत पडली आहे, ती येऊन ओळखावी, मात्र हलवू नये. ओळखायची आणि हलवायची नाही! वधूपरीक्षेलासुद्धा यापेक्षा जास्त मुभा असते, असं म्हणून ऑफिसात आम्ही सगळे हसलो. हसणाऱ्यांत मी पुढे होतो.

सोलापूरला सकाळी उतरलो तेव्हा गिरणीचा भोंगा होत होता. स्टेशनबाहेर माझ्यासाठी संस्थेने ठरवलेली भाड्याची जीप उभी होती. तिचे चालक हुसेनभाई तिथलेच, पन्नाशीचे. त्यांना पेटीचं सांगितलं तर म्हणाले, "साब, आस्मान में क्या है सो देखने कू इत्ता बडा फुग्गा? पानी है क्या वां?" मी म्हटलं, पाणी नाही, किरण आहेत. "फिर नक्को," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

वाटेत एका खानावळीत जेवलो. बार्शीलाही भाकरी खातात, पण आमच्याकडे ती मऊ असते. इथे पापडासारखी कडक, दहा दिवस टिकणारी भाकरी आणि वर तेल घातलेली शेंगाचटणी. एरवी मी चार खाल्ल्या असत्या. पण यंदाच्या दुष्काळात भाकरी लाल होती. मिलो म्हणून अमेरिकेची ज्वारी आली होती, तिची. ज्या देशाने चंद्रावरची माती पृथ्वीवर आणली, त्याच देशाने ही लाल ज्वारी आमच्या ताटात आणली. दोन्हींची चव सारखीच असावी असा माझा अंदाज आहे. खानावळवाला पाण्याचा दुसरा पेला मागितल्यावर तोंड फिरवून उभा राहिला, आणि त्याला बोल लावावा असं मला वाटलं नाही.

होटगीच्या पुढे

होटगी मागे पडली तशी मराठी कानावर पडायची कमी होत गेली. रस्ता विचारला की उत्तरात अर्धं कन्नड. मी बार्शीचा, म्हणजे याच जिल्ह्याचा, पण या बाजूला जन्मात आलो नव्हतो. सपाट काळी रानं, त्यांना हात जाईल एवढ्या भेगा, आणि मध्येच एखादं कडुलिंबाचं झाड, पाला ओरबाडून नेलेलं.

गावाचं खरं नाव लिहीत नाही. चिक्कहळ्ळी म्हणू, कन्नडात त्याचा अर्थ लहान गाव एवढाच. वेशीशी आमचं पॅराशूट एका बाभळीला अडकलेलं दिसलं आणि माझा जीव भांड्यात पडला. त्याच्या दोऱ्या खाली गेल्या होत्या त्या आडात. आड म्हणजे अरुंद तोंडाची, रहाटाची विहीर. नेम धरून टाकली असती तरी पेटी त्यात पडली नसती. वाऱ्याने फरफटत आणून बरोबर त्यात सोडली होती. आडाच्या तोंडावर फळ्या, फळ्यांवर आडवातिडवा दोर, दोराच्या गाठीवर कापड, आणि कापडावर लाखेचं तांबडं सील.

तिथेच पोलीस पाटील मल्लप्पा बसले होते. साठीचे, कपाळाला विभूती, धोतर धुवट नसलं तरी नीट नेसलेलं. उठून म्हणाले, "बर्री, बर्री सायेब, या. तुमचीच पेटी व्हय? घेऊन जावा की लवकर. गावातलं तीनपैकी दोन आड आटलं. पाणी हाय ते ह्या एकात."

"मग सील कशाला केलंत?"

"आमी न्हाय केलं. सर्कल सायबांनी केलं. आमी फकस्त कळवलं." त्यांनी बगलेतून माझी पत्र्याची पाटी काढली, फरफटताना पेटीवरून निसटून वाटेत पडलेली. ती त्यांनी कापडात गुंडाळून जपून ठेवली होती. "हितं साफ लिवलंय की. अक्षर बगा कसं हाय! इतकं चांगलं अक्षर मी कलेक्टरच्या कागदावर बी बगितलं न्हाय."

खरं सांगतो, मला बरं वाटलं.

मल्लप्पांनी ओळीवर बोट ठेवलं आणि शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं. "निरु... पद्रवी आहे. नीरु म्हंजे पाणी. पाण्याला उपद्रवी. आणि पडली कुटं? तर आडातच! सगळी मानसं मागं सारली, दोर काडून घेतलं आणि त्याच दिवशी रिपोर्ट धाडला."

मी पाटीकडे बघत राहिलो. त्यांच्या घरात, शेजारात, लहानपणापासून कन्नडात पाण्याला नीरु म्हणतात. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने ते अक्षरन्‌अक्षर बरोबर वाचलं होतं. सरकारी माणसांनी तर तेवढंही वाचलं नव्हतं. सर्कल साहेबांनी लांबूनच आड बघितला आणि हुकूम दिला. त्याची नक्कल मल्लप्पांनी दाखवली : "सदर यंत्र पाण्यास उपद्रवी असल्याचे पोलीस पाटील यांनी कळविल्यावरून पुढील आदेशापर्यंत पाणी उपसण्यास मनाई करण्यात येत आहे." पुढचा आदेश पुढेच राहिला होता. गाव तेव्हापासून ओढ्याच्या वाळूत खड्डे करून त्यात पाझरलेलं गढूळ पाणी वाटीवाटीनं भरत होतं. गुरंही तिथेच येत होती.

"अहो पाटील," मी म्हटलं, "ते नीरु नाही. निर् आहे. निर् म्हणजे नाही. उपद्रव नाही, असा अर्थ आहे. पेटीत काचा आहेत नुसत्या. पाण्याला काही झालेलं नाही."

मल्लप्पांनी त्या शब्दावरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाले, "न्हाय म्हनायचं तर न्हाय लिवायचं की, सायेब. नीरु कशाला लिवलं?"

ती पाटी मी लिहिली हे तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "ऑफिसात लिहितात."

पाटलांचं घर आडापासून वीस पावलांवर. त्यांची बायको बसव्वा दाराशी भिंतीला टेकून बसली होती. मी बार्शीचा म्हटल्यावर तिचं तोंड उजळलं. "अगं बया! माजं म्हायेर तितलंच! वैरागजवळचं. म्हायेरचा मानूस आला, आन घरात द्यायला पानी न्हाय." तिने गुळाचा खडा हातावर ठेवला. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. दोन दिवस पोट ठरत नाही म्हणाली, आणि म्हणून लगेच हसली. "त्या वड्याचं पानी प्यालं की आसंच व्हतंय."

मी जीपमधलं पाणी आणून दिलं. तिने दोन घोट घेतले आणि तांब्या शेजारणीकडे सरकवला. "नळाचं हाय. आमच्या आडाचं लई गोड. भावा, तुमी वर काय बगता म्हनं फुगा सोडून?"

"वरून किरण येतात, ते मोजतो."

"पाऊस दिसला का तितं?"

"नाही, बाई."

"मग खाली बगा की." सगळे हसले, ती पण. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमची पेटी काडाया झाकन उगडाल, तवा मला एक तांब्या काडून द्या. इसरू नगा."

मी मल्लप्पांना बाजूला घेतलं. सील काढू या, म्हटलं. त्यांनी मान हलवली. "सायेब, तीस वर्सं पाटीलकी केली. सरकारी लाखेला हात लावला न्हाय. तुमी कागद आना. कागद आला की माज्या हातानं फोडतो." स्वतःची बायको समोर तहानलेली बसलेली, आणि माणूस कागद मागत होता. मला राग आला. पण मी तरी काय केलं? माझ्या हातात पक्कड होती, अंगात जोर होता. सील तोडलं असतं तर माझ्या नोकरीचा प्रश्न आला असता. मी पण कागद आणायलाच निघालो.

जीपजवळ हुसेनभाई हळूच म्हणाले, "साब, बुड्ढी की तबेत अच्छी नै दिखती मेरेकू. गाडी में डाल के सिविल कू ले जातें. कागज कल लाते."

जीप संस्थेच्या कामाला दिलेली होती. लॉगबुकात काय लिहायचं, असा विचार माझ्या मनात आला. तो विचार आला होता, हे मी इथे लपवत नाही. शिवाय बसव्वा स्वतःच म्हणाली, "मला काय धाड भरलीया? तुमी आदी आडाचं बगा." मला तेवढंच हवं होतं. मी म्हटलं, "उद्या दुपारपर्यंत येतोच." आणि आम्ही तालुक्याकडे वळलो.

तालुक्याची कचेरी

पोचलो तेव्हा कचेरी बंद होत होती. साहेब दौऱ्यावर. दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या अव्वल कारकुनांपुढे जाऊन उभा राहिलो. गृहस्थ सभ्य होते, चहा दिला. वाचकांनी त्यांना राक्षस समजू नये. त्यांचं टेबल स्वच्छ होतं, दौतीवर झाकण होतं, आणि त्यांना कुणाचंही वाईट करायचं नव्हतं.

"पेटी आमची आहे," मी म्हटलं.

"असेल. पण सीलच्या आत आहे. सीलच्या आतलं सगळं सध्या कचेरीच्या ताब्यात."

अवकाशातून सुखरूप खाली आलेली पेटी तहसील कचेरीनं अडवली होती! वर काही थांबवणारं नव्हतं, ते खाली भेटलं.

"अहो, पण पाणी चांगलं आहे. पाटीवरचा शब्द चुकीचा वाचला गेला. निरुपद्रवी म्हणजे अपाय न करणारी."

"मला अर्थ कळतो हो. मी मराठी घेऊन बीए झालोय." ते क्षणभर हसले. "पण फाईलवर उपद्रवी असं आलंय. आता पाण्याचा नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेला जाईल. तिथून दाखला आला की सील निघेल."

"नमुना गेलाय का?"

"नमुना घ्यायला सील काढावं लागेल ना. त्याची मंजुरी साहेब आल्यावर."

मी आवाज चढवला. बायकामाणसं ओढ्यातलं पाणी पिताहेत, म्हातारी आजारी आहे, सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "एक करता येईल. ज्यांनी हा मजकूर लिहिला त्यांनी खुलासा द्यावा, की अमुक शब्दाचा अमुक अर्थ आम्हाला अभिप्रेत होता. तसा लेखी खुलासा असेल तर माझ्या सहीने तात्पुरतं सील काढायला सांगतो. मात्र लिहिणारा अधिकारी हजर पाहिजे. तुमच्या हैदराबादहून मागवा."

लिहिणारा त्यांच्यासमोर चहा पीत बसला होता. काल संध्याकाळी यांचं दार ठोठावून हेच सांगितलं असतं, तर काल संध्याकाळीच कागद मिळाला असता. मी म्हटलं, "मीच लिहिलाय."

त्यांनी मला वरखाली बघितलं. मग कोरा कागद पुढे केला. मी खुलासा लिहिला. कारकुनांनी वाचला आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो तुमचं."

पुन्हा चिक्कहळ्ळी

दुपार टळायच्या आत आम्ही वेशीत शिरलो. कागद माझ्या खिशात होता. लांबूनच दिसलं की पाटलांच्या दारात माणसं उभी आहेत, आणि हुसेनभाईंनी गाडी तिथेच थांबवली. मला वाटतं, त्यांना माझ्याआधी कळलं.

बसव्वा त्या दिवशी दिवस उगवतानाच गेली होती. पहाटेपासून उलट्या, आणि मग काही बोललीच नाही.

मी खिशातून कागद काढला. काय करायचं ते सुचेना, म्हणून काढला. मल्लप्पांनी तो घेतला नाही. ते उठले, आडाकडे गेले. गावातली माणसं मागोमाग गेली. त्यांनी कमरेचा चाकू काढून दोर कापला, लाखेचा गोळा उचलून बाजूला ठेवला, फेकला नाही. फळ्या सरकवल्या. मग कोणाला तरी कन्नडात काहीतरी म्हणाले. शेजारच्या माणसानं मला हलक्या आवाजात सांगितलं, "आंघोळ घालायला पानी पायजे म्हनाले. तिच्या आडाचं."

कागद आणलाय हे त्यांना बघायचंही नव्हतं. घागर खाली सोडली, ती भरून वर आली. पाणी स्वच्छ होतं. तळाशी आमची पेटी चकाकताना दिसत होती. पहिली घागर घरात गेली. बाकीची माणसं आडाभोवती उभी राहिली, पण पाण्याला कुणी हात लावेना. इतके दिवस सरकारनं विष म्हणून सांगितलेलं पाणी, एका म्हाताऱ्यानं सील फोडलं म्हणून कोण पिणार? मी दुसऱ्या घागरीतून तांब्या भरला आणि सगळ्यांसमोर प्यायलो. खरंच गोड होतं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. मग एका बाईनं पुढे होऊन ओंजळ धरली.

बसव्वाला त्यांच्या रिवाजाप्रमाणे बसवून, फुलं घालून नेलं. आमच्याकडे जाळतात, त्यांच्यात पुरतात. मी आणि हुसेनभाई मागे मागे गेलो. हुसेनभाईंनी माती टाकली. मी पण टाकली.

परतल्यावर मल्लप्पा ओट्यावर बसले, गुडघ्यावर कागद घेतला आणि रिपोर्ट लिहू लागले. सील मी स्वतः, आदेशाविना फोडले, असं लिहिलं. मी म्हटलं, "पाटील, आदेश आहे. हा बघा." ते म्हणाले, "तुमचा कागद मी हातात घेतला न्हाय. तो न बगताच फोडलं. खोटं कशाला लिवू?"

तेव्हा मला राहवेना. मी त्यांच्यासमोर खाली बसलो. "पाटील, तो शब्द मी लिहिला होता. पाटी माझ्या हातची आहे. काल सांगितलं नाही."

त्यांनी मान वर केली. शिव्या देतील, अंगावर येतील असं मला वाटलं, आणि आले असते तर बरं झालं असतं. त्यांनी लिहिलेली ओळ पुरी केली, टाक खाली ठेवला.

"पुढच्या खेपंला सोपं लिवा, सायेब," ते म्हणाले.

संध्याकाळच्या आत आम्ही पेटी वर काढली. ती आतून कोरडी होती, थेंबही शिरला नव्हता.

हैदराबाद

थाळ्या उत्तम निघाल्या. एरवी उन्हात पडलेल्या पेटीतल्या थाळ्या तापून खराब होतात. या मात्र आडाच्या थंड पाण्यात राहिल्या, म्हणून इतक्या स्वच्छ खुणा आजवर मिळाल्या नव्हत्या. परदेशातून शाबासकीचं पत्र आलं. ऑफिसात पेढे वाटले. मी पेढा घेतला आणि खिशात ठेवला. मल्लप्पांची चौकशी चालू आहे असं ऐकतो. त्यांच्या बाजूनं मी तीन अर्ज केले, उत्तर नाही.

परवा पुढच्या उड्डाणाच्या पाट्या रंगवायला बसलो. कन्नड पाटीसाठी शहरातल्या एका कन्नड शाळामास्तरांना बोलावून आणलं आणि लिहिलेलं प्रत्येक अक्षर त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं. मराठीत लिहिलं : "ही पेटी उघडू नका. पोलिसांना सांगा. पेटी आमची आहे, आम्ही येऊन घेऊन जाऊ."

साहेब पाट्या बघायला आले. चष्मा पुसून वाचल्या आणि म्हणाले, "अहो, हिच्यापासून कुणाला काही होत नाही, ती ओळ राहिली की."

"राहिली नाही, साहेब," मी म्हटलं. "मी ती काढली."